२ मेगाहर्ट्झ सोडला, ४ कुठून आला?

शिरोली_क्वालिटी
शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. एसजीच्या (गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगमध्ये अल्ट्रासोनिकचा वेग मोजून नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइट किती गोल झालंय, ते बघतो. वेग सेकंदाला ५५०० मीटरच्या खाली घसरला की ग्रॅफाइट गोल करणारं मॅग्नेशियम कमी पडलं असेल म्हणून ती हीट (एका वेळी वितळवलेला माल) बाजूला काढतो. परवा बरीच वर्षं चाललेला एक स्टीलचा शाफ्ट आला. २ मेगाहर्ट्झ सोडला, पलीकडून घेतलेल्या सिग्नलचा एफएफटी (कुठली फ्रिक्वेन्सी किती, याचा आलेख) काढला, तर ४ ला बारीक टोक. प्रोब (लाट सोडणारा-घेणारा सेन्सर) गेला की काय?

मापारी
प्रोब बदलून बघा. हूकचा नियम (जितका जोर, त्याच प्रमाणात धातू ताणला जातो) लागू असेल तर जी फ्रिक्वेन्सी आत, तीच बाहेर.

उद्यमनगर_यूटी
दादा, प्रोब टाकू नका. हूकची सरळ रेघ कुठल्याच धातूत शेवटपर्यंत सरळ नसते. लाट जिथे धातू दाबते तिथे तो किंचित कडक होतो, ताणते तिथे किंचित मऊ. म्हणून दाबाचा भाग थोडा पुढे सरकतो, लाटेचा आकार तिरका होत जातो, आणि तिरकी झालेली लाट म्हणजेच दुप्पट फ्रिक्वेन्सीची भर. १९६३ मध्ये ब्रेझील आणि थॉम्पसन यांनी अ‍ॅल्युमिनियममध्ये हे मोजलं होतं.

तुमचा शाफ्ट थकलेला असेल तर हे फार मोलाचं आहे. फटीग होताना डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले दोष) साठतात, वेग जेमतेम हलतो, पण ही दुसरी हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सी, ठळक वाढते. आणि घट्ट मिटलेली क्रॅक, जी साध्या एकोत (परत येणाऱ्या लाटेत) निसटते, ती लाटेच्या ताणात उघडते, दाबात मिटते. तिथेही हार्मोनिक तयार होतात. माझ्या मते आपल्या भागात जुने शाफ्ट तपासताना हे वापरायलाच हवं.

मात्र आधी खात्री करा. नेहमीचा फ्लॉ डिटेक्टर (दोष शोधायचं मशीन) टोकदार स्पाइक सोडतो, त्यात ४ आधीच असतो. टोन बर्स्ट, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीच्या १०-१५ सायकल, सोडा. व्होल्टेज दुप्पट केल्यावर ४ चं टोक चौपट व्हायला हवं. पण अँप्लिफायरचा दोषही असाच चौपट होतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. त्याच स्टीलचे ५० आणि १०० मिमीचे तुकडे घ्या. अ‍ॅटेन्युएशन (वाटेत लाट क्षीण होणं) वजा करून अंतराबरोबर टोक वाढलं तर ते धातूचं. तेवढंच राहिलं तर मशीनचं किंवा कपलंटचं (प्रोब आणि धातूमधल्या जेलचं).

शिरोली_क्वालिटी
टोन बर्स्टची सोय एका कॉलेजच्या लॅबमध्ये होईल. हेच ग्रे आयर्नला चालेल का?

उद्यमनगर_यूटी
ग्रे आयर्नवर सुरुवात नको. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे त्याचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख पहिल्यापासूनच वाकलेला असतो, शिवाय ४ मेगाहर्ट्झ वाटेतच विखुरतो. थकवा कुठला आणि ग्रॅफाइट कुठलं, हे वेगळं काढता येणार नाही. शाफ्टच घ्या, आणि शेजारी त्याच ग्रेडचा न वापरलेला तुकडा ठेवा. ४ चा अँप्लिट्यूड भागिले २ च्या अँप्लिट्यूडचा वर्ग, हे गुणोत्तर दोन्हींवर काढा. प्रोब, कपलंट, लांबी सगळं सारखंच. आकडे इथे टाका, मी बघतो.