दगडीची ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळू नये

करवीर तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचं संकलन बघतो. गेल्या महिन्यात एका घरचं दही दोनदा विरजलंच नाही. चौकशी केली तर म्हशीला दगडी, म्हणजे कास सुजून कडक होणारा आजार, झालेली. मालकानं मेडिकलमधून अँटिबायोटिकची ट्यूब आणून सडात भरली आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेत दूध घातलं. दुधात औषध उतरलं की विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत. उकळून जिवाणू मरतात, पण हे औषध बहुतेक तसंच राहतं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर तर धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात. डॉक्टरांची चिठ्ठी कायद्यानं आताही लागते, मागत कोणी नाही. माझं मत सरळ आहे: चिठ्ठी नाही, तर ट्यूब नाही.

— सचिव

सचिव, दूध घालायला नको होतं, मान्य. पण रात्री नवाला कास दगडागत झाली तर डॉक्टर कुठनं आणू? सकाळपर्यंत सड बाद झाला, तर म्हैस निम्म्या किमतीला जाते. तुमचा नियम शहराजवळच्यांना परवडंल. आमच्या वाडीवर न्हाई.

— गोठेवाला

दादा, घाई कळते, माझ्या माहेरीही जनावरं आहेत. पण कुठली ट्यूब, हे कशावरून ठरवता? मी लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासते. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला चिकटतं. भिंत कच्ची राहते आणि आतल्या दाबानं जिवाणू फुटतो. दगडी करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे बरेच वाण मात्र बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडतात, ते औषधाचा रेणूच तोडतं. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला तर भिंतच नसते, तिथं पेनिसिलिन काय करणार?

आणि औषधामुळं जिवाणू 'शिकत' नाही. कोट्यवधींत एखादा आधीच वेगळा असतो. बाकीचे मेले की जागा त्याची. तो बदल प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, असेल, तर दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. शेणातून, हातातून असे जिवाणू घरात येतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या डोसाबद्दल हेच बजावलं होतं.

— लॅबवाली

ताई, मग सर्दीला अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक गिळणाऱ्यांना आधी अडवा. सर्दी विषाणूची, त्याला ते लागूच पडत न्हाई. बोट दरवेळी गोठ्याकडंच का?

— गोठेवाला

दोन्हीकडं दाखवतो. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कॉलिस्टिन कोंबड्यांना वाढीसाठी द्यायचे. २०१९ मध्ये सरकारनं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घातली, तेव्हा कुठं थांबलं. नुसतं सांगून थांबलं नसतं.

— सचिव

आमच्याकडं धार काढल्यावर वैरण टाकतो, म्हणजे म्हैस अर्धा तास बसत नाही. तोवर सडाचं तोंड मिटतं. दगडी खूप कमी झाली. ट्यूबवर भांडण्याआधी एवढं तरी करा.

— सूनबाई, पन्हाळा

ते करतोच. पण कुठली ट्यूब चालंल हे सांगणाऱ्या लॅबच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर जनावर तडफडू द्यायचं?

— गोठेवाला

नाही. सड स्पिरिटनं पुसा, पहिल्या धारा सोडा, निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन बर्फात ठेवा. मग डॉक्टरांना फोन करून ते सांगतील ती ट्यूब. रिपोर्ट आला की औषध बदलता येतं. ट्यूब आधी भरली तर नमुन्यात जिवाणू सापडणं अवघड होतं.

— लॅबवाली

मग बाटल्या संस्थेत ठेवा, रात्री पण मिळाल्या पाहिजेत. आणि फोनवरचं औषध चिठ्ठी म्हणून धरणार का, ते सांगा.

— गोठेवाला

बाटल्या सोमवारपासून ठेवतो. फोनचं म्हणाल, तर डॉक्टरांनी मोबाइलवर लिहून, सही करून पाठवावं. तोंडी मी मानणार नाही.

— सचिव