लिलावातली सोन्याची नाणी: भाव चढतात, पैसा वाढतो का?

हिशेबनीस:
सोनं चढलं की दुर्मिळ नाण्यांच्या विक्रमी बोलींच्या बातम्या येतात, आणि पाठोपाठ "नुसतं सोनं काय घेता, जुनी नाणी घ्या" असं सांगणारेही. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. ज्या नाण्याचा दाखला हमखास दिला जातो, त्याचाच हिशेब मांडतो.

१९३३ चं अमेरिकी 'डबल ईगल', २० डॉलरचं सोन्याचं नाणं. टाकसाळीत ४,४५,५०० पाडली होती. पण त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने सोन्याची नाणी चलनातून गेली आणि ही जवळजवळ सगळी वितळवली. खासगी मालकाने बाळगायला कायद्याने मुभा असलेलं एकच उरलं. ते २००२ च्या जुलैत ७५.९ लाख डॉलरला गेलं आणि २०२१ च्या जूनमध्ये १ कोटी ८८.७ लाखांना. आकडा पाहून डोळे दिपतात, पण १९ वर्षांत पैसे झाले अडीच पट, म्हणजे दर साल ५ टक्क्यांच्याही आत. त्याच काळात सोनं औंसाला (म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला) ३०० डॉलरच्या आसपास होतं ते १,८०० च्या पुढे गेलं. सहा पट! ज्याने त्या दिवशी साधी सोन्याची वीट घेतली, तो पुढे राहिला.

शिवाय २०२१ ला शेवटच्या बोलीवर हातोडा पडला तो १ कोटी ६७.५ लाखांवर. वरचे २१ लाख लिलावगृहाचे. बातमीत मात्र मोठाच आकडा येतो.

मोहोरवेडी:
तारखा तुम्ही सोयीच्या निवडल्यात. २००२ ला सोनं जवळजवळ तळाला होतं. जानेवारी १९८० पासून मोजा ना. तेव्हा औंस ८५० डॉलरला होता. १९९९ मध्ये तो २५० च्या घरात आला आणि पुन्हा ८५० दिसायला २००८ उजाडलं. २८ वर्षं वीट कपाटात पडून! महागाई धरली तर तोटा किती, तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे, सोनं खाणीतून दर वर्षी तीन हजार टनांहून जास्त निघतं. १८६६ चं नाणं आता कुणी पाडणार नाही. पुरवठा थांबलेला आणि हौशी माणसं वाढत चाललेली. भाव चढणार नाही तर काय होणार?

खलाशी:
पुरवठा थांबलेला आहे हे तरी कशावरून? 'सेंट्रल अमेरिका' हे जहाज १८५७ मध्ये वादळात बुडालं. १९८८ ला ते सापडलं आणि सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीची १८५७ ची डबल ईगल पाच हजारांहून जास्त वर आली, बहुतेक कोरी करकरीत. त्याआधी त्या सालचं न वापरलेलं नाणं मिळणं मुश्किल होतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याला स्वतःच्या जमिनीत पुरलेल्या डब्यांत १,४२७ सोन्याची नाणी मिळाली. तुमचं नाणं दुर्मिळ आहे ते आज माहीत असलेल्यांच्या हिशेबाने.

मोहोरवेडी:
जहाजाचा मुद्दा मान्य. पण असे साठे कधीतरी सापडतात. खाण रोज चालू असते.

भिंगवाला:
मी यात पोळलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काकांकडून माझ्याकडे एक सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं, आलं. साल चांगलं, टाकसाळ चांगली, यादीत भाव धातूच्या कित्येक पट. मी हरखून गेलो. एका लिलावगृहाकडे पाठवलं तर तिथल्या माणसाने दहापट भिंग लावून नाणं दिव्याखाली हळूच तिरकं केलं आणि मलाही दाखवलं. वरच्या कडेला, मुकुटाच्या अगदी जवळ, भाताच्या दाण्याएवढा गुळगुळीत पट्टा. तिथले दाते गेलेले. कधीतरी त्याला कडी लावून गळ्यात घातलं होतं आणि नंतर ती काढून तिचा जोड घासून टाकला होता. वर सगळ्या पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे, कुणीतरी प्रेमाने पुसून चकचकीत केल्याचे. "धातूच्या भावाने घेऊ," एवढंच तो म्हणाला. म्हणजे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोन्याचे पैसे, बाकी शून्य.

राग त्या माणसावर नाही, तो खरंच बोलला. पण नाणं किती चांगल्या स्थितीत आहे यावरून त्याला ७० पैकी आकडा देतात, ती त्याची प्रत. ६४ आणि ६५ या दोन प्रतींतला फरक आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही आणि काही नाण्यांत तेवढ्यानेच किंमत दुप्पट होते. ही प्रत दुसरं कुणीतरी ठरवणार, डबीत सीलबंद करून देणार, आणि आपण त्या चिठ्ठीवर जन्माची बचत लावायची?

हिशेबनीस:
त्या डब्यांचाच इतिहास पाहा. नाण्यांना प्रत देऊन सीलबंद करणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या १९८६-८७ मध्ये निघाल्या. नाणं न पाहता नुसत्या आकड्यावर सौदे होऊ लागले, वॉल स्ट्रीटचा पैसा आला, १९८९ ला भाव शिगेला पोहोचले आणि पुढच्या वर्षभरात कोसळले. मोहोरवेडी, तुमची १९८० ची तक्रार रास्त आहे, पण त्या काळात नाणीही तरली नाहीत.

दस्तऐवज:
सगळे भावावर बोलताहेत, मालकीवर कुणीच नाही. प्राचीन रोममधल्या ब्रूटसचं सोन्याचं नाणं, सीझरच्या खुनाची आठवण कोरलेलं, २०२० मध्ये लंडनला ४२ लाख डॉलरच्या आसपास गेलं. मागच्या मालकांची नोंद खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं.

आणि वर ज्या १९३३ च्या डबल ईगलचं कौतुक चाललंय, तशी आणखी दहा एका कुटुंबाच्या तिजोरीत निघाली. त्यांनी ती खरी आहेत का हे तपासायला सरकारी टाकसाळीकडे दिली आणि सरकारने ठेवूनच घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. २०१७ ला तेही दार बंद झालं. दहाच्या दहा गेली. विटेवर असा दावा कोण सांगतं?

मोहोरवेडी:
दस्तऐवज, हे मला खरंच लागलं. मालकीची साखळी कागदावर नसेल तर मीही बोली लावणार नाही.

पण सगळ्यांनी मिळून शिखरावरची नाणीच धरून ठेवली आहेत. मधली नाणी पाहा. चांगल्या प्रतीचं, धातूच्या भावापेक्षा थोडंच महाग, इतिहास असलेलं नाणं. सोनं पडलं तर हौशी माणसं त्याला धरून ठेवतात, हौस ओसरली तर सोनं धरतं. मी गेली बारा वर्षं अशीच घेते. डबल ईगलवरची मशाल घेतलेली ती बाई, चालता चालता झुळुकीत उडणारा तिचा पायघोळ झगा, मी रात्री दिव्याखाली धरून बघते. हा आनंद हिशेबात धरायचाच नाही का?

हिशेबनीस:
जरूर धरा, पण परताव्याच्या रकान्यात नको. आणि धातूच्या भावाला चिकटून असलेलं नाणं म्हणजे मुख्यतः सोनंच की! ते घ्यायला माझी हरकत कधीच नव्हती. बारा वर्षांत त्यातलं एखादं विकलंत का? किती हातात आले, दलाली जाऊन?

मोहोरवेडी:
दोन विकली. एकात सोन्याच्या वाढीएवढेच सुटले, दुसऱ्यात त्याहून बरेच जास्त. दलालीचा आकडा कागद काढून उद्या लिहिते.