शोधपट्टीतला आकडा: ‘कर’ नेमका किती वेळा आला?

टंकमित्र
एका प्रूफरीडर मित्रासाठी सी प्लस प्लस भाषेत, क्यूटी हा तयार कोडचा संच वापरून छोटा एडिटर करतोय. शोधपट्टीशेजारी ‘इतके सापडले’ असा आकडा दाखवायचा, एवढंच. क्यूटीत मजकूर ठेवणाऱ्या क्यूस्ट्रिंगचं काउंट हे मोजणीचं फंक्शन वापरलं, एका ओळीत काम झालं. खूश होतो.

मग मित्राने करप्रणालीवरचा लेख उघडून ‘कर’ शोधलं आणि लगेच फोन केला. करून, करतात, लवकर, शंकर, अगदी ‘कर्म’सुद्धा, सगळे कर भरायच्या रांगेत उभे! ‘कर्म’ कसं आलं म्हणाल, तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपी साठवायच्या पद्धतीत, ते क, र, हलन्त, म असं साठवलेलं असतं. पहिले दोन जुळले की यंत्राच्या लेखी ‘कर’ सापडला.

माझं मत: आकडा शब्दांचाच हवा. वाचणाऱ्याला ‘कर्म’मध्ये ‘कर’ दिसत नाही, तर मोजायचा कशाला?

जुना खिळा
अजिबात पटलं नाही. शोधपट्टीतला आकडा म्हणजे जनगणना नव्हे. ‘पुढचे शोधा’ दाबत गेलं की कर्सर किती ठिकाणी थांबेल, तेवढंच त्याने सांगायचं. वापरणाऱ्याला आकडा आणि थांबे जुळलेले हवे असतात.

आणि तुमचे ते तिथेच जुळत नाहीत, हे पाहिलंत का? क्यूस्ट्रिंगचं काउंट एकमेकांवर चढलेल्या जुळण्याही मोजतं. ‘हाहाहा’मध्ये ‘हाहा’ शोधा, उत्तर २ येईल. पण पुढचं ठिकाण शोधणारं क्यूटीचं फंक्शन, क्यूटेक्स्टडॉक्युमेंटचं फाइंड, आधीची निवड जिथे संपली तिथून पुढे शोधतं, म्हणजे थांबा एकच. पायथॉन भाषेचं काउंटही इथे १ म्हणतं. आधी हे दुरुस्त करा, मग शब्दांची चिंता.

अर्धविराम
पायथॉनमध्ये रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, शोधून बघा. ‘कर’मध्ये ‘काहीच नाही’ ३ वेळा सापडतं. आमच्या पहिल्या आवृत्तीत पट्टी रिकामी केली की आकडा आभाळाला भिडायचा.

मात्रावेलांटी
टंकमित्र, शब्दच मोजायचे म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (नमुना देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीतल्या) शब्दसीमेच्या खुणेकडे धावू नका. मी पायथॉनमध्ये त्यासाठी असलेल्या री मॉड्यूलमध्ये हात पोळून घेतलाय. त्याच्या लेखी अक्षर आणि अंक म्हणजे शब्द. काना, मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त यांना त्यात जागा नाही. त्यामुळे ‘लवकर’ आणि ‘करतात’ बरोबर गळतात, पण ‘करून’मधल्या दीर्घ उकाराआधी त्याला शब्द संपल्यासारखा वाटतो. ‘शंकर’मध्ये तर अनुस्वारानंतर नवा शब्द सुरू! इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून शब्दाची व्याख्या केली की आपल्या बाराखडीचं हे असं होतं.

टंकमित्र
‘हाहा’ची चूक मान्य, आजच काढतो. पण खिळेसाहेब, थांबेच मोजायचे तर ‘कर्म’वर थांबणंही चूकच ना? दोन्ही एकाच चाळणीतून जाऊ द्या.

जुना खिळा
हे मात्र खरं. जुळणी अक्षराच्या मधोमध तुटत असेल तर ती धरू नये. क्यूटीचा क्यूटेक्स्टबाउंडरीफाइंडर ग्राफीमच्या, म्हणजे काना-मात्रेसकट एक धरल्या जाणाऱ्या अक्षराच्या, सीमा सांगतो, त्या दोन्ही टोकांना तपासा. ‘कर्म’ गळेल, ‘करून’ही गळेल. ‘लवकर’ आणि ‘शंकर’ राहतील, ते राहू द्या.

त्यापुढे मात्र जाऊ नका. ‘कराचा’, ‘करांवर’ हे तुमच्या मित्राला हवेच असणार, म्हणजे नुसता अखंड शब्द जुळवून त्याचं भागणार नाही. आणि ‘तूच कर’मधलं ‘कर’ क्रियापद आहे हे कोण ठरवणार, तुमचा एडिटर? ज्या आकड्यामागचा नियम वापरणाऱ्याला एका वाक्यात सांगता येत नाही, तो पट्टीत नको.

मात्रावेलांटी
इथे माझं जमत नाही. अनुवादकाला, कोशाचं काम करणाऱ्याला विभक्तीसकट मोजणी लागते. ‘अवघड आहे’ म्हणून ती सुविधाच नको, हे म्हणणं सोयीचं आहे, इतकंच. वेगळी खिडकी द्या, तिथे सापडलेल्या रूपांची यादी द्या, नको ती माणूस स्वतः काढेल.

बाय द वे, ‘दुसऱ्या’ही तपासा. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर सारखेच. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करायची युनिकोडची रीत) करूनही ते एक होत नाहीत, तो बदल हातानेच करावा लागतो. इथे रोग उलटा आहे: आकडा कमी येतो, आणि कमी आलेला आकडा कुणाला खटकत नाही.

टंकमित्र
मित्राच्या फायलीत शोधलं. ‘दुसऱ्या’ची दोन्ही रूपं एकाच परिच्छेदात. एक त्याचं, एक मूळ लेखकाचं. पट्टीत खिळेसाहेबांचा आकडा ठेवतोय, यादीची खिडकी पुढच्या आवृत्तीत.

जुना खिळा
पुढच्या आवृत्तीत म्हणजे कधीच नाही, हे आम्हालाही कळतं.