लेकीकडे लीड्सला तीन महिने: जुनी नाट्यगृहं कुठं बघू?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. शाळेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. मे ते ऑगस्ट लेकीकडे लीड्सला चालले आहे. लेक-जावई दिवसभर कामावर. मला मॉल बघायचे नाहीत, राजवाडेही नकोत. नाटक बघायचंय, आणि तेसुद्धा जुन्या नाट्यगृहात, जिथं पाऊल टाकलं की फळी करकरते. जळगाव केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत मी तीनदा रंगमंचावर उभी राहिले आहे, त्यामुळे ही हौस काही आजची नाही.

अडचण अशी की इंग्रजी मी वाचते, पण भरभर बोललेलं कानावरून जातं. गुडघे दुखतात. लेक म्हणते, "आई, तिकिटं महाग असतात आणि तू कंटाळशील." कंटाळणार नाही हे मला माहीत आहे. बाकीचं तुम्ही सांगा.

पांझराकाठ (धुळे)

ताई, लीड्समध्ये सहा आणि ब्रिस्टलमध्ये तीन वर्षं काढून मी धुळ्याला परत आलोय. तुमचा प्रश्न वाचून आज दुकान उशिरा उघडलं.

आधी थोडं माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात गणपतीत नाटक व्हायचं. दादा, म्हणजे माझे वडील, त्यात खलनायक. माझ्याकडे पत्रा. विंगेत टांगलेला गोदामाचा मोठा पत्रा, खालचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवायचा, की वीज कडाडली. दादांचं एक वाक्य संपलं की हलवायचा, त्याआधी नाही. नऊ वर्षांचा होतो. नाटक म्हणजे वेळ सांभाळणं, हे मी तिथं शिकलो.

ब्रिस्टलला किंग स्ट्रीटवर ओल्ड विक आहे. १७६६ सालचं, अजून चालू. बांधलं तेव्हा नाटकाचा परवाना नव्हता, म्हणून गाण्याची मैफल आणि सोबत भाषण अशी जाहिरात करून आत नाटक लावायचे! परवाना मिळाला १७७८ मध्ये. त्याच्या छताच्या वर लाकडाची उतरती पन्हळ आहे, तिच्यातून लोखंडी गोळे सोडायचे. गोळे घरंगळत जातात आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून मेघ गडगडत गेल्यासारखा आवाज होतो. कितीतरी वर्षं ती बंद होती, नाट्यगृहाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, २०१६ मध्ये, पुन्हा वाजवली. तिथल्या माणसाने ती पन्हळ समजावून सांगितली तेव्हा मला बोलता येईना. सात समुद्रांपलीकडे, माझ्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी, कुणीतरी पोरगा वर अंधारात गोळा धरून वाक्य संपायची वाट बघत बसला असणार. त्या रात्री दादांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे त्यांचंबी पत्र्यावाचून अडतं व्हतं."

आता तुमचं. लीड्समध्येच दोन जागा. एक ग्रँड, १८७८ ची, भली मोठी. दुसरी सिटी व्हरायटीज, १८६५ ची. ही मुळात दारूच्या गुत्त्याला जोडलेली गाण्याबजावण्याची खोली, अरुंद, लांबट, सज्जे अंगावर आल्यासारखे. नट घाम पुसतो तेही दिसतं. मी तुमच्या जागी असतो तर आधी इथं गेलो असतो.

पण लेकीला सांगून एक दिवस रिचमंडसाठी राखून ठेवाच. लंडनचं नव्हे, यॉर्कशायरमधलं. गाडीने डार्लिंग्टन, पुढे बस. तिथलं जॉर्जियन थिएटर रॉयल १७८८ चं. १८४८ मध्ये बंद पडलं, मग तिथं लिलाव व्हायचे, वखार झाली, आणि १९६३ मध्ये पुन्हा पडदा उघडला. आपल्याकडच्या एखाद्या वाड्याच्या चौकाएवढं. जंगलाचं रंगवलेलं जुनं नेपथ्य तिथं जपून ठेवलंय, ब्रिटनमधलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं. वरच्या गॅलरीत पायाशी एक फळी आहे. नाटक आवडलं नाही की लोक तिच्यावर लाथा मारायचे! यात्रेतला तमाशा आठवतो की नाही? बटावणी रंगली नाही तर आपले लोक गप्प बसतात होय? स्वयंसेवक हौसेने सगळं दाखवतात. नाटक नसेल त्या दिवशी नुसती इमारत बघायला जा, भाषेची अडचणच नाही.

गुडघ्यांसाठी: तिकीट काढताना तळमजल्याच्या खुर्च्या मागा, त्यांना स्टॉल्स म्हणतात. वरच्या गॅलरीचे जिने फार उभे असतात. पूर्वी गरिबांना वेगळ्या दाराने, बाजूच्या बोळातून वर चढवायचे, म्हणून ते जिने तसे. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेलं स्वस्त तिकीट घेऊ नका, समोर खांब येतो. दुपारचा प्रयोग बघा, बऱ्याचदा थोडा स्वस्त असतो आणि उजेडी घरी येता येतं.

भाषेसाठी: काही प्रयोगांना बाजूच्या पाटीवर संवाद लिहून येतात, त्याला 'कॅप्शन्ड' म्हणतात. वेबसाईटवर तारखा असतात. आणि संहिता आधी वाचून जा. 'ऑथेल्लो' लागलं असेल तर देवलांचं 'झुंझारराव' वाचलंत तरी निम्मं काम होईल.

मध्यंतरात लोखंडी पडदा खाली येतो. आई आली होती तेव्हा तिला वाटलं नाटक संपलं, ती पिशवी घेऊन उठली. १८८७ मध्ये एक्झेटरला प्रयोग चालू असताना गॅसच्या दिव्याने पडदा पेटला आणि १८६ माणसं गेली, तेव्हापासून तिकडे आगीबाबत फार कडक. तो पडदा उतरला की मी दर वेळी त्या माणसांची आठवण काढायचो. मग आइस्क्रीमचा छोटा डबा घ्यायचा, चमचा झाकणातच असतो.

वाघूरकाठ (सध्या स्टॉकहोम)

मी भुसावळची. मावशी, इकडे यायचं जमलं तर ड्रॉटनिंगहोम बघा. तेही १७६६ चंच. १७९२ मध्ये राजा गुस्ताव तिसरा याच्यावर मुखवट्यांच्या नाचात गोळी झाडली, तो गेला, आणि नाट्यगृह विस्मरणात पडलं. १९२१ मध्ये उघडून बघतात तर यंत्रं, नेपथ्य, सगळं जागच्या जागी. रंगमंचाखाली मोठा रहाट आहे, माणसं हाताने फिरवतात आणि सगळे पडदे एकदम बदलतात. आपल्या संगीत नाटकातला ट्रान्सफर सीन आठवला मला. उन्हाळ्यातच प्रयोग असतात, म्हणजे तुमच्याच दिवसांत.

गिरणाकाठ (जळगाव)

लंडनला ग्लोब चुकवू नका. १५९९ चं मूळ नाट्यगृह १६१३ मध्ये जळालं, प्रयोगात तोफ उडवली आणि गवताच्या छपराने पेट घेतला. आताचं १९९७ चं, पण छप्पर गवताचंच आणि मधला चौक उघडा. चौकातलं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण पूर्ण वेळ उभं राहावं लागतं, खाली बसू देत नाहीत. तुम्ही बाकावरचं घ्या, उशी भाड्याने मिळते.

मला तिथं आपलं बालगंधर्व खुलं नाट्यगृह आठवत होतं. वर आभाळ, कुठूनतरी गाडीचा हॉर्न, आणि नट तरीही थांबत नाही. बालगंधर्वांचं लहानपण जळगावात गेलं, हे आपल्या पोरांना सांगायला हवं. शेक्सपिअरच्या काळात तिकडेही बायांची कामं पोरंच करायची.

बोरीकाठ (अमळनेर)

पांझराकाठ, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रिचमंडला मीही येते, रजा टाकते." ग्लोबचं बाकावरचं तिकीट जावईच काढणार आहेत. कपाटातून 'झुंझारराव' काढलं, पानं पिवळी पडलीत पण शाबूत आहे. वाघूरकाठ, स्वीडनचं या खेपेला जमणार नाही, व्हिसाचं वेगळं करावं लागतं म्हणे.

जिभाऊ, एक विचारू? तो पत्रा अजून आहे का?

पांझराकाठ (धुळे)

आहे ताई. दादा गेल्यावर गावचं घर उतरवलं तेव्हा मी तो टेम्पोत घालून आणला. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभा आहे. वारं सुटलं की आपोआप वाजतो, आणि खालून आई हाक मारते, "बघ रे, तुझं वाक्य संपलं का."