काचेची तलवार

मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक स्पॅनिश आक्रमकांपुढे का हरले? 'लोखंड नव्हतं म्हणून' हे नेहमीचं उत्तर मला अर्धंच पटतं. त्यांचं माक्वाविट्ल म्हणजे चपटं लाकडी दांडकं, दोन्ही कडांना ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, पाती बसवलेली. धार वस्तऱ्याला लाजवेल अशी, पण ठिसूळ. पोलादावर आपटलं की पात्याचे तुकडे. गंमत म्हणजे उकाड्याने हैराण झालेल्या कित्येक स्पॅनिश शिपायांनी पोलादी चिलखताऐवजी अ‍ॅझ्टेकांचीच कापूस भरलेली जाड बंडी चढवली!

खरी अडचण वेगळी होती. अ‍ॅझ्टेकांत मारण्यापेक्षा शत्रूला जिवंत धरून आणण्याला मान. चार कैदी आणले की जग्वार वीराचा, म्हणजे वरच्या दर्जाच्या योद्ध्याचा, पोशाख मिळायचा. हे कैदी बळी जायचे मुख्यतः युद्ध आणि सूर्याचा देव हुइत्झिलोपोच्त्लीला. या देवाने जन्मताच, आईवर चालून आलेल्या बहिणीचे, कोयोल्शाउकीचे, तुकडे केले अशी कथा आहे. तीच तुकडे झालेली बहीण कोरलेली सव्वातीन मीटर व्यासाची शिळा १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कामगारांना खोदताना सापडली.

आणि १५२० ची देवी रोगाची साथ, अ‍ॅझ्टेकांचं शत्रुराज्य त्लाश्कालाचं हजारोंचं सैन्य स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या बाजूने, हे कसं विसरायचं?