पाड्याकडे जाणारा जंगलातला रस्ता वाहून गेला आहे. दुरुस्ती कशी करावी?

पाड्यावरचा रहिवासी :
नमस्कार. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील आमच्या पाड्याकडे येणारा मुरुमाचा रस्ता यंदाच्या पावसात ठिकठिकाणी उखडला आहे. चढावर मधोमध खोल घळ पडली असून वळणाशी रस्त्याची खालची कड ओढ्यात ढासळली आहे. आजारी माणसाला रिक्षापर्यंत उचलून न्यावे लागते. एकदाचे काँक्रीट करून टाकावे, असे काहीजण म्हणतात. परंतु त्यासाठी यंत्रे आत आली, तर कडेची झाडे आणि ओढा यांची हानी होईल, अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

निवृत्त उपअभियंता :
दादा, घळ मधोमध पडली आहे, याचा अर्थ पाणी रस्त्यावरूनच वाहत आहे. ते आधी बाजूला काढल्याशिवाय वर मुरूम टाका किंवा काँक्रीट, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होईल. काँक्रीटवरून तर पाणी अधिक वेगाने धावते आणि कडेखालची माती पोखरून काढते. रस्त्याचा मध्य उंच ठेवून दोन्ही बाजूंना साधारण चार टक्के उतार द्यावा, म्हणजे तीन मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्य काठापेक्षा सहा सेंटीमीटर वर राहील. चढावर ठरावीक अंतराने दगडी बांधणीचे उथळ, तिरपे चर आडवे काढावेत आणि चढ जितका तीव्र, तितके ते जवळजवळ असावेत. या चरांचे पाणी थेट ओढ्यात न सोडता दगड पसरलेल्या, गवताळ जागेवर सोडावे, म्हणजे गाळ तिथेच बसेल. ढासळलेल्या कडेला जाळीत दगड भरून पायऱ्यापायऱ्यांनी आधार द्यावा, वरच्या मातीत वाळा लावावा. ओढा जिथे रस्ता ओलांडतो, तिथे बारीक पाइप घालू नये. तो पहिल्याच पुरात पाचोळ्याने तुंबतो. रस्त्याखालून पाणी जाऊ देणारी रुंद मोरी किंवा वरून पाणी वाहू देणारी दगडी फरशी बरी.

वनस्पती अभ्यासक :
वरील सूचनांशी मी पूर्णपणे सहमत आहे. उद्यानात कारवी हे झुडूप 2024 साली फुलले. कारवी बी धरल्यावर मरते आणि पुढची पिढी त्याच बियांतून उगवते, त्यामुळे आजची रोपे कोवळी आहेत. पुन्हा फुलायला त्यांना सुमारे आठ वर्षे लागतात, आणि तोवर उतारावरची माती मोठ्या प्रमाणात त्यांच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते. म्हणून रस्त्याच्या मूळ रुंदीबाहेर एकही चाक जाऊ देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. चर खणताना झाडाची जाड मुळे आडवी आली, तर मुळे न तोडता चर वळवावा, आणि उरलेली माती बुंध्याभोवती रचू नये. काम पाऊस पूर्ण थांबल्यावर आणि दिवसाउजेडीच व्हावे. संध्याकाळनंतर ती वाट बिबट्यांची असते.

पाड्यावरचा रहिवासी :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. घळ भरण्यासाठी जवळच्या बांधकामावरचा राडारोडा फुकट मिळू शकतो. तो वापरावा का?

वनस्पती अभ्यासक :
कृपया वापरू नये. त्यात सिमेंटचा चुरा आणि प्लास्टिक असते, ते सगळे ओढ्यात उतरेल. शिवाय अशा भरावासोबत गाजरगवताचे बी आत येते आणि एकदा रुजले की काढणे फार कठीण जाते. मुरूमही आणण्यापूर्वी तणमुक्त आहे ना, हे पाहून घ्यावे. जंगलातलाच मुरूम मात्र मुळीच खणू नये.

कायद्याचे काम करणारी :
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. राष्ट्रीय उद्यानातील अधिवासाला बाधा आणणाऱ्या कामांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 35(6) नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. म्हणून श्रमदानानेही काम परस्पर सुरू करू नका. आहे त्याच रुंदीत दुरुस्ती, झाडतोड नाही, राडारोड्याचा भराव नाही, हे तिन्ही मुद्दे अर्जात स्पष्ट लिहा, नुकसानीची छायाचित्रे आणि चरांच्या जागा दाखवणारा साधा नकाशा जोडा, आणि वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. पाऊस संपताच जागेची पाहणी करण्याची विनंतीही त्यातच करावी, म्हणजे परवानगीसाठी कोरड्या महिन्यांचा वेळ वाया जाणार नाही.