मदत हवी आहे: शाळेची साठ मुलं स्ट्रॉबेरी तोडायला येणार, कसं निभावू?

नमस्कार मंडळी. आमची घरचीच स्ट्रॉबेरीची शेती. सासू-सासरे, नवरा, मी आणि हंगामात दोन मदतनीस, एवढंच मनुष्यबळ. लोकांनी स्वतः येऊन फळं तोडून न्यायची, असं गेल्या हंगामापासून सुरू केलंय. कुटुंबं येतात, त्यांचा काही त्रास नाही. आता एका शाळेने सहलीसाठी विचारलंय. दुसरीची साठ मुलं, सहा शिक्षक, दोन तास.

धास्ती वाटते, कारण रंगीत तालीम म्हणून वीस मुलं बोलावली होती. पाच मिनिटांत पोरं सरी सोडून गादीवाफ्यांवर! एकाच्या पायात अडकून ठिबकची नळी निसटली आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत अर्ध्या ओळीचा चिखल झाला. टोपल्या पाहिल्या तर निम्मी फळं देठाकडे पांढरी. तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग थोडा चढतो, गोडी नाही, हे मी आधी सांगितलं होतं. पण नुसतं तोंडी. मग सासऱ्यांनी एका मुलीला शेजारी बसवून दाखवलं: फळ ओढायचं नाही, देठ अंगठ्याच्या नखाने चिमटायचा, हिरवी टोपी फळालाच राहिली पाहिजे. तिने पुढची सगळी बिनचूक तोडली, वर शेजारच्यांना दटावून शिकवलं.

आता अडचणी. साठ जणांना एकदम वाफ्यात सोडणं शक्यच नाही. वीसवीसचे गट केले तर उरलेल्या चाळिसांना कशात गुंतवू? माझ्या डोक्यात वेडीवाकडी फळं आहेत. परागीभवन अर्धवट झालं की फळ वाकडं होतं, आणि वर दिसणारी प्रत्येक 'बी' हेच खरं तर एक छोटं फळ असतं. भिंगातून बघायला दिलं तर सात वर्षांची मुलं रमतील का?

दुसरं, हात धुणं. नळ एकच आहे. मातीने भरलेल्या हातांवर सॅनिटायझर फारसा काम करत नाही, साबण-पाणीच हवं. फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर दिलेलं अंतर आम्ही पाळतोच, तरी न धुतलेली फळं मुलांनी तिथेच खाऊ नयेत असं वाटतं. ते कसं थांबवायचं? शिवाय बांधावर मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत.

प्रतिसाद: ताई, मी प्राथमिकला शिकवते. भिंग चालेल, पण चौघांत एक द्या, नाहीतर भांडणं. खाण्याचं 'नको' म्हणून थांबत नाही. धुतलेल्या फळांची एक परात नळापाशी ठेवा आणि हात धुतले की दोन मिळतील म्हणून आधीच सांगा. टोपल्या उथळ आणि लहान घ्या, भरली की तोडणी संपली. डंखाची अ‍ॅलर्जी कुणाला आहे हे शाळेकडून आधी लेखी मागवा, अशा मुलाचं औषध शिक्षकांच्या हातातच हवं, बसमध्ये नको.

धागाकर्ती: परातीची युक्ती सासूबाईंना फारच आवडली! पेट्यांच्या बाजूच्या चार ओळी दोरी लावून बंदच ठेवते. नळाचं अजून अडलंय. पिंपांना तोट्या बसवून कुणी असं केलंय का? साठ मुलांना किती तोट्या पुरतात?